डीबगएफएसमधले पॉवरचे आकडे कायमच्या, न मोडणाऱ्या जागी कसे न्यायचे?

बावधन_बीएसपी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. एआरएम-६४ बोर्ड, यॉक्टोवर (एम्बेडेड लिनक्स तयार करायचं साधन) बांधलेलं लिनक्स, कर्नल ५.१५ वरून ६.६ वर न्यायचा आहे. बोर्डावर पाच रेल (वीजपुरवठ्याच्या वाहिन्या), प्रत्येकीवर एक आयएनए२२६ (करंट आणि व्होल्टेज मोजणारी चिप), करंट मोजण्यासाठीचा शंट रेझिस्टर सगळीकडे २ मिलिओहम. शिवाय पॉवर कंट्रोलरचं फर्मवेअर दोन आकडे ठेवतं: एसओसी (बोर्डाची मुख्य चिप) गाढ झोपेत एकूण किती वेळ होता आणि किती वेळा गेला. हे सगळं आउट-ऑफ-ट्री, म्हणजे मूळ कर्नलबाहेरचा, ड्रायव्हर वाचतो आणि डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबगिंगसाठीची फाइलसिस्टम) 'पॉवर_समरी' या एकाच फाइलीत तक्ता करून छापतो. फाइलीचा मोड ०६४४ आहे, कारण तिच्यात १ लिहिलं की सगळे काउंटर शून्य होतात. हे डबे वारजे-धायरी भागात उघड्यावरच्या पाण्याच्या टाक्यांजवळ बसतात. वीज आणि बॅटरी दोन्हींवर चालतात.

डब्यावरचा एजंट (आकडे गोळा करणारा आमचा प्रोग्राम) दर ५ सेकंदांनी ती फाइल वाचून ओळी तोडतो. अडचणी तीन. ड्रायव्हरमध्ये एक रकाना वाढला आणि एजंट मिलिअँपिअरला मिलिवॉट समजू लागला. नव्या इमेजमध्ये कर्नल लॉकडाउन (रूटलाही कर्नलमध्ये ढवळाढवळ करू न देणारी सुरक्षा) चालू आहे, तिथे फाइल उघडतच नाही. आणि चाचणीची स्क्रिप्ट काउंटर शून्य करते तेव्हा एजंटचा हिशेब बिघडतो.

हे '/सिस/पॉवर'खाली स्वतःच्या फोल्डरमध्ये हलवावं का? की एचडब्ल्यूमॉन (सेन्सरांसाठी), पॉवरकॅप (ऊर्जा आणि पॉवरच्या मर्यादांसाठी), पर्फ (कामगिरी मोजायला) या कर्नलच्या तयार सोयींपैकी काही वापरावं? पुढची पाच वर्षं एजंटला हात लावावा लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.

मुळाकाठ यांचं उत्तर

फाइल हलवल्याने इंटरफेस स्थिर होत नाही. स्थिर म्हणजे आकड्याचा अर्थ, एकक आणि नाव बदलणार नाही असं कोणीतरी लिहून दिलेलं असणं. डीबगएफएसमध्ये असं वचन कोणी देत नाही. तुमचा तक्ता तसाच सिसएफएसमध्ये ('/सिस'खालची फाइलसिस्टम) नेलात तर रकाना वाढल्यावर तिथेही हेच होईल.

लॉकडाउनबद्दल आधी सांगतो. लॉकडाउनमध्ये डीबगएफएसच्या फक्त त्या फाइली उघडतात ज्यांचा मोड निव्वळ वाचण्याचा आहे आणि ज्यांना आयओसीटीएल किंवा एममॅप (साध्या वाचन-लेखनापलीकडच्या हाका) नाही. तुमचा मोड ०६४४, म्हणून नुसतं वाचायलाही नकार मिळतो. मोड ०४४४ केलात तर उघडेल, पण तेवढ्यावर थांबू नका. डीबगएफएसचं मूळ फोल्डर ०७०० असतं, म्हणजे एजंट कायम रूट म्हणूनच चालवावा लागेल. अँड्रॉइडने तर ११ व्या आवृत्तीपासून विक्रीच्या फोनवर डीबगएफएस माउंटच करायचं नाही असा नियम केला आहे. त्या जागेच्या भरवशावर माल बाहेर पाठवू नये.

कर्नलच्या दस्तऐवजात 'एबीआय' (कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातला करार) नावाचं फोल्डर आहे आणि त्यात 'स्टेबल', 'टेस्टिंग', 'ऑब्सोलीट', 'रिमूव्ह्ड' असे चार कप्पे. 'स्टेबल'मधल्या इंटरफेसची हमी किमान २ वर्षांची असते. प्रत्यक्षात त्याहून कडक नियम चालतो: वापरणाऱ्याचा प्रोग्राम मोडला तर बदल मागे घ्यायचा. याचं ठळक उदाहरण पॉवरटॉप हे वीजवापर दाखवणारं साधनच आहे. २.६.३९ मध्ये बिग कर्नल लॉक (सगळ्या कर्नलसाठीचं एकच कुलूप) गेला, म्हणून ट्रेस इव्हेंटमधलं (कर्नलमधल्या घटनांच्या नोंदी) 'लॉक_डेप्थ' हे निरुपयोगी झालेलं फील्ड काढलं. पॉवरटॉप ट्रेसची मांडणी बाइट मोजून वाचत होता, तो मोडला, आणि तेवढी रिकामी जागा परत ठेवावी लागली. उलट '/प्रॉक/टायमर_स्टॅट्स' ४.११ मध्ये काढून टाकलं, कारण त्यातून एका कंटेनरमधल्या प्रोसेसची माहिती दुसऱ्याला दिसत होती. तेव्हा वचन पाळलं जातं, पण सुरक्षेपुढे तेही मागे पडतं. नवा आकडा उघडा करताना तो कोणाला दिसेल याचा विचार पहिल्याच दिवशी करा.

आता तुमचे आकडे. '/सिस/पॉवर'खाली फोल्डर करू नका. ती जागा पॉवर मॅनेजमेंटच्या गाभ्याची आहे, ड्रायव्हरची नाही. आयएनए२२६ साठी तर स्वतःच्या कोडची गरजच नाही. मेनलाइनमधला (मूळ अधिकृत कर्नलमधला) आयएनए२एक्सएक्स ड्रायव्हर लावा, तो एचडब्ल्यूमॉनमध्ये नोंद करतो आणि एचडब्ल्यूमॉनची एककं ठरलेली आहेत: 'इन१_इनपुट' मिलिव्होल्टमध्ये, 'कर१_इनपुट' मिलिअँपिअरमध्ये, 'पॉवर१_इनपुट' मायक्रोवॉटमध्ये, 'टेम्प१_इनपुट' अंशाच्या हजाराव्या भागात. मिलिअँपिअरला मिलिवॉट समजण्याचा प्रश्न इथेच मिटतो.

बहुतेक लोक फसतात ते शंटपाशी. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) 'शंट-रेझिस्टर' मायक्रोओहममध्ये लिहायचा असतो, म्हणजे तुमच्यासाठी २०००. लिहिला नाही तर ड्रायव्हर १०००० म्हणजे १० मिलिओहम धरतो आणि करंट खऱ्याच्या एक पंचमांश दिसतो. चूक कुठेही छापली जात नाही, आकडा पटण्यासारखाच दिसतो. म्हणून बोर्ड हातात आल्यावर 'शंट_रेझिस्टर' फाइल वाचून बघा आणि एका रेलवर माहीत असलेला लोड लावून मल्टिमीटरशी ताडून घ्या.

पाच चिप असल्या की पाचही जणींचं 'नेम' 'आयएनए२२६' येतं. 'एचडब्ल्यूमॉन३' असा क्रमांक एजंटमध्ये लिहू नका, ड्रायव्हर लोड होण्याच्या क्रमाने तो बदलतो. ५.१८ पासून एचडब्ल्यूमॉनचा गाभा डिव्हाइस ट्रीमधलं 'लेबल' सिसएफएसमध्ये दाखवतो. प्रत्येक चिपला 'व्हीडीडी-सीपीयू', 'व्हीडीडी-डीडीआर' अशी लेबलं द्या आणि एजंटने सुरू होताना '/सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन' फिरून लेबलवरून फोल्डर शोधावं. ६.६ वर हे चालेल, ५.१५ वर नाही. तिथे 'डिव्हाइस' दुव्याखालच्या 'ऑफ_नोड'वरून ओळखावं लागेल.

टेकडीवरचा यांचं उत्तर

वरचं सगळं मान्य, पण फक्त ड्रायव्हर बदलून मोजमाप बरोबर येणार नाही. आयएनए२२६ ची नेहमीची मांडणी अशी: शंट आणि बस व्होल्टेज प्रत्येकी १.१ मिलिसेकंद आणि १६ नमुन्यांची सरासरी, म्हणजे साधारण ३५ मिलिसेकंद. दर ५ सेकंदांनी वाचलंत तर त्या ५ सेकंदांतला ०.७ टक्के वेळच तुम्हाला दिसतो. मोडेम जागा होऊन २०० मिलिसेकंदांत परत झोपला तर तो बहुतेक वेळा सापडणारच नाही. 'अपडेट_इंटरव्हल'मध्ये २२५३ लिहा. मग चिप १०२४ नमुन्यांची सरासरी करते, एक फेरी २.२५ सेकंदांची होते, आणि त्याच अंतराने वाचलं की मधलं जवळपास काही सुटत नाही.

झोपेतला करंट मात्र या शंटवर मोजता येणार नाही. आयएनए२२६ ची शंटवरची पायरी २.५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे २ मिलिओहमवर एक पायरी १.२५ मिलिअँपिअर. वर ऑफसेटची (करंट शून्य असतानाही दिसणाऱ्या चुकीची) कमाल १० मायक्रोव्होल्ट, म्हणजे ५ मिलिअँपिअरची संभाव्य चूक. झोपेत रेल ३ मिलिअँपिअर घेत असेल तर जो आकडा दिसेल तो निव्वळ चूक असू शकतो. झोपेची खरी किंमत हवी असलेल्या रेलवर ५० मिलिओहम लावा: पायरी ५० मायक्रोअँपिअर, कमाल मर्यादा १.६४ अँपिअर, पण १ अँपिअरला ५० मिलिव्होल्ट गळतील हे रेग्युलेटरच्या हिशेबात धरा. किंवा पुढच्या बोर्डला आयएनए२२८ घ्या, त्यात ४० बिटांचा ऊर्जेचा काउंटर चिपमध्येच आहे आणि कर्नल झोपलेला असतानाही तो मोजत राहतो. ६.६ मध्ये त्याचा ड्रायव्हर नाही, नव्या कर्नलमधून मागे आणावा (बॅकपोर्ट करावा) लागेल.

आता फर्मवेअरच्या दोन आकड्यांबद्दल. ६.४ पासून '/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स'मध्ये 'लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप', 'टोटल_एचडब्ल्यू_स्लीप' आणि 'मॅक्स_एचडब्ल्यू_स्लीप' अशा तीन फाइली आल्या आहेत, मायक्रोसेकंदांमध्ये. ड्रायव्हरने उठताना 'पीएम_रिपोर्ट_एचडब्ल्यू_स्लीप_टाइम' हाक मारायची की आकडा तिथे जातो. तुमच्या गरजेला हे अगदी जुळतं.

मुळाकाठ यांचं उत्तर

त्यात एक अट आहे. त्या तीन फाइली एसीपीआयच्या (पीसीवर फर्मवेअरने कर्नलला हार्डवेअरची माहिती द्यायची पद्धत) एफएडीटी तक्त्यात लो-पॉवर एस-झिरोचा ध्वज असेल तरच दिसतात. डिव्हाइस ट्रीवरच्या एआरएम बोर्डवर ड्रायव्हरने हाक मारली तरी आकडा आत साठतो, फाइल मात्र उगवत नाही. त्यामुळे इथे भिस्त ठेवता येणार नाही. त्याच फोल्डरमधले 'सक्सेस', 'फेल', 'लास्ट_फेल्ड_डेव्ह', 'लास्ट_फेल्ड_स्टेप' हे ५.४ पासून सगळीकडे मिळतात, ते जरूर गोळा करा. झोप लागलीच नाही तर कोणत्या डिव्हाइसने अडवलं हे तिथेच कळतं. झोपेतून कोण उठवतं यासाठी '/सिस/क्लास/वेकअप' आहे, तेही ५.४ पासून. जे पूर्वी डीबगएफएसमधल्या 'वेकअप_सोर्सेस' या एका तक्त्यात होतं तेच इथे फाइलीमागे एक आकडा करून ठेवलं आहे. तुम्हाला जे करायचं आहे त्याचा हा चांगला नमुना आहे, त्याचा कोड एकदा वाचा.

टेकडीवरचा यांचं उत्तर

बरोबर, ध्वजाची अट माझ्या लक्षात आली नव्हती. मग दोन मार्ग उरतात. फर्मवेअर तुमच्याच हातात असेल तर व्होल्टेज, पॉवर, ऊर्जा हे एससीएमआयच्या (एआरएमवर कर्नल आणि फर्मवेअर यांनी बोलायची पद्धत) सेन्सर प्रोटोकॉलमधून द्या, मेनलाइनचा एससीएमआय ड्रायव्हर ते आपोआप एचडब्ल्यूमॉनमध्ये आणतो आणि कर्नलमध्ये एक ओळ लिहावी लागत नाही. झोपेचा वेळ आणि संख्या एचडब्ल्यूमॉनमध्ये बसत नाहीत. त्यासाठी स्वतःच्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरला दोन अ‍ॅट्रिब्यूट जोडा: 'स्लीप_टाइम_यूएस' आणि 'स्लीप_काउंट'.

ते कसे जोडायचे हे नीट सांगतो, कारण इथे घाई केली की रेस कंडिशन (घटनांचा क्रम चुकल्याने होणारा बिघाड) येते. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना चालणारं फंक्शन) 'डिव्हाइस_क्रिएट_फाइल' वापरू नका, मध्येच काही फसलं तर साफसफाईही तुमच्याच गळ्यात येते. 'डिव्हाइस_अ‍ॅटर_आरओ'ने दोन अ‍ॅट्रिब्यूट, 'अ‍ॅट्रिब्यूट_ग्रुप्स'ने त्यांचा गट, आणि तो गट ड्रायव्हरच्या 'डेव्ह_ग्रुप्स'मध्ये. ५.४ पासून ही सोय आहे. प्रोब यशस्वी झाल्यावर गाभा त्या फाइली तयार करतो आणि त्यानंतर 'बाइंड'चा युइव्हेंट (कर्नलची सूचना) पाठवतो. यूडेव्हचा (अशा सूचनांवर नियम चालवणारी सेवा) नियम 'अ‍ॅड'वर लिहिला असेल तर तो फाइली येण्याआधीच चालून जाईल, तो 'बाइंड'वर लिहा. छापायला 'स्प्रिंटएफ' नको, 'सिसएफएस_एमिट' वापरा.

एका फाइलीत एकच आकडा, शेवटी नवी ओळ, एकक नावात. तक्ता पुन्हा करू नका. सीपीयूफ्रीकच्या (सीपीयूची फ्रिक्वेन्सी बदलणारा कर्नलचा भाग) 'ट्रान्स_टेबल'चं काय झालं बघा: सिसएफएसची फाइल मेमरीच्या एका पानात मावली पाहिजे, फ्रिक्वेन्सी वाढल्या तसा तक्ता पानाबाहेर गेला, आणि आता अशा वेळी ती फाइल वाचायला गेलं की चूकच परत येते.

आणि 'एबीआय/टेस्टिंग'च्या नमुन्यात मजकूर लिहा, मेनलाइनला पाठवणार नसलात तरी: फाइलीचा मार्ग, तारीख, कर्नलची आवृत्ती, संपर्क, वर्णन. वर्णनात तीन गोष्टी हव्यातच. काउंटर कधी शून्य होतो, सस्पेंडमध्ये चालू राहतो का, आणि किती बिटांचा आहे. फर्मवेअरचा काउंटर ३२ बिटांचा आणि मायक्रोसेकंदांत असेल तर ७१ मिनिटांत उलटतो. मग ड्रायव्हरने तो ६४ बिटांत जमा करत राहिलं पाहिजे, आणि एक सलग झोप ७१ मिनिटांपेक्षा लांब गेली तर तेही पुरत नाही. फर्मवेअरलाच ६४ बिट मागा.

बावधन_बीएसपी

फार उपयोगी. काउंटर फर्मवेअरमध्ये ३२ बिटांचाच आहे, मिलिसेकंदांत, म्हणजे साधारण ४९ दिवस पुरतो. दोन शंका. रीसेट काढलं तर चाचणीच्या स्क्रिप्टने काय करायचं? आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा बॅटरी संपून काही डबे बंद पडतात. उठल्यावर काउंटर लहान दिसतो, तो उलटला की नव्याने सुरू झाला हे एजंटला कसं कळावं? शिवाय आमच्या बिल्ड सर्व्हरवर एक्स८६ आहे, तिथेही हाच एजंट चालवायचा विचार आहे.

खराडी_रॅक यांचं उत्तर

रीसेट काढाच. रीसेटची फाइल म्हणजे एका वाचणाऱ्याला दुसऱ्याचा हिशेब पुसायची मुभा. स्क्रिप्टने सुरुवातीला आकडा लिहून ठेवावा, शेवटी वाचावा आणि वजाबाकी करावी. कर्नलने फक्त वाढत जाणारा कच्चा काउंटर द्यायचा. सरासरी, टक्के, वॉट हे सगळं बाहेर काढायचं. काल टक्केवारीची व्याख्या एक होती आणि आज दुसरी, असं झालं तरी कच्चा काउंटर खोटा ठरत नाही.

बंद पडणं ओळखायला प्रत्येक नोंदीबरोबर '/प्रॉक/सिस/कर्नल/रँडम/बूट_आयडी' साठवा. बूट_आयडी तोच आणि आकडा लहान झाला तर काउंटर उलटला, कमाल मर्यादा मिळवून वजाबाकी करा. बूट_आयडी बदलला तर मागचा आकडा सोडून द्या, नव्याने सुरुवात. वेळेसाठी 'क्लॉक_बूटटाइम' घ्या. 'क्लॉक_मोनोटॉनिक' सस्पेंडमध्ये थांबतं, आणि झोपेत चालू राहिलेल्या काउंटरला त्याने भागलं की सरासरी वॉट फुगून येतात.

एक्स८६ वर '/सिस/क्लास/पॉवरकॅप'खाली 'इंटेल-रॅपल:०' (रॅपल म्हणजे प्रोसेसरमधला ऊर्जेचा काउंटर) मिळेल, नव्या कर्नलवर एएमडीच्या झेन प्रोसेसरांनाही तेच नाव चालतं. 'एनर्जी_यूजे' मायक्रोज्यूलमध्ये आहे आणि 'मॅक्स_एनर्जी_रेंज_यूजे'पाशी उलटतो. त्या फाइलीत बऱ्याच मशीनवर २६२१४३३२८८५० दिसतं, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार ज्यूल. सॉकेट २०० वॉट घेत असेल तर २२ मिनिटांत एक चक्कर. त्याहून विरळ वाचलंत तर किती चकरा झाल्या हे कळायचा मार्ग नाही, आणि कमाल आकडा कोडमध्ये लिहू नका, डीरॅमच्या डोमेनचा वेगळा असू शकतो.

परवानगीची गोष्ट महत्त्वाची. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लॅटिपस हल्ला जाहीर झाला. रॅपलचे आकडे वारंवार वाचून गुप्त किल्ल्या काढता येतात हे त्यात दाखवलं होतं. तेव्हापासून 'एनर्जी_यूजे' फक्त रूटला वाचता येतो. एएमडीसाठी ५.८ मध्ये एचडब्ल्यूमॉनचा वेगळा 'एएमडी_एनर्जी' ड्रायव्हर आला होता, तो ५.१३ मध्ये काढला गेला. त्यावर विसंबलेली साधनं अडकली. यूडेव्हमधून मोड ०४४४ करायचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी आहे, तो पाळू नका, विशेषतः बिल्ड सर्व्हरवर जिथे अनेकांचा कोड चालतो. रूटची एक लहान सेवा ठेवा, तिने १० सेकंदांची सरासरी काढून सॉकेटवर द्यावी, एजंट बिनरूट राहील.

एक सावधगिरी सीपीयूआयडलबद्दल (रिकाम्या सीपीयूच्या झोपेच्या अवस्था सांभाळणारा कर्नलचा भाग). '/सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूआयडल'मधला 'टाइम' हा कर्नलने मागितलेल्या अवस्थेचा वेळ असतो. हार्डवेअर त्यापेक्षा उथळ अवस्थेत थांबलं तरी इथे गाढ अवस्थेचाच वेळ वाढलेला दिसेल. हा आकडा फर्मवेअरच्या झोपेच्या काउंटरशी जुळत नाही म्हणून कोणाचा तरी बग आहे असं समजू नका, दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. तसंच सीपीयूफ्रीकमधलं 'टाइम_इन_स्टेट' मायक्रोसेकंदांत नसून १० मिलिसेकंदांच्या एककात असतं, आणि इंटेल पीस्टेट हा फ्रिक्वेन्सीचा ड्रायव्हर सक्रिय मोडमध्ये असेल तर ती फाइल नसतेच. एजंटने फाइल नसणं हे 'माहिती उपलब्ध नाही' असं नोंदवावं. तिथे शून्य लिहिलं की आलेख खोटं बोलू लागतो.

मुळाकाठ यांचं उत्तर

मोजणाऱ्यानेच वीज खाऊ नये यासाठीही थोडं. पाच आयएनए२२६ एकाच आय-टू-सी बसवर असतील तर त्या वाचायला बसचा कंट्रोलर रनटाइम पीएममधून (वापरात नसलेल्या डिव्हाइसला झोपवणारी सोय) उठतो. एजंटचा टायमर आणि मोडेमचा टायमर वेगवेगळ्या क्षणी वाजत असतील तर एसओसी दुप्पट वेळा जागा होतो. 'पीआरसीटीएल'ने टायमर स्लॅक (टायमर वाजायला चालणारा उशीर) काही शे मिलिसेकंद द्या, म्हणजे कर्नल दोन्ही जागणी एकत्र आणू शकेल. बॅटरीवर असताना २.२५ सेकंदांऐवजी ३० सेकंदांवर जा. सलग ऊर्जा हातून सुटेल हे खरं, पण बॅटरीच्या डब्यात ती किंमत मोजावी. कोणतं डिव्हाइस किती जागं होतं हे बघायला त्याच्या 'पॉवर' फोल्डरमधले 'रनटाइम_अ‍ॅक्टिव्ह_टाइम' आणि 'रनटाइम_सस्पेंडेड_टाइम' पुरतात, मिलिसेकंदांत, आणि ते वाचताना डिव्हाइस उठत नाही.

प्रत्येक नोंदीत तापमानही ठेवा. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १० अंशांच्या आसपास आणि एप्रिल-मेच्या दुपारी ४० च्या जवळ, त्यात उन्हातला बंद डबा. सिलिकॉनची गळती तापमानाबरोबर वाढते. त्यामुळे ५.१५ चे हिवाळ्यातले आकडे आणि ६.६ चे उन्हाळ्यातले आकडे शेजारी ठेवलेत तर नवा कर्नल जास्त वीज खातो असाच निष्कर्ष निघेल आणि महिनाभर कोणीतरी नसलेली चूक शोधत बसेल.

बावधन_बीएसपी

ठीक. मग असं करतो: आयएनए२२६ मेनलाइन ड्रायव्हरवर, शंट २००० आणि लेबलं डिव्हाइस ट्रीत, झोपेचे दोन अ‍ॅट्रिब्यूट 'डेव्ह_ग्रुप्स'मधून, एजंटमध्ये बूट_आयडी. जुनी 'पॉवर_समरी' लगेच काढू की काही दिवस राहू देऊ?

टेकडीवरचा यांचं उत्तर

एक रिलीज राहू द्या. रीसेट काढून मोड ०४४४ करा, रकाने आहेत तसेच गोठवा आणि फाइल उघडणाऱ्या प्रोसेसचं नाव 'पीआर_वॉर्न_वन्स'ने लॉगमध्ये छापा. ज्या डब्यांवरून ती ओळ येईल तिथे अजून जुना एजंट किंवा एखादी विसरलेली स्क्रिप्ट चालू आहे. 'वन्स' असल्यामुळे फक्त पहिल्याचंच नाव दिसेल, तेव्हा ती स्क्रिप्ट बंद करून रीबूट करा आणि दुसरं कोणी निघतं का ते पुन्हा बघा.